जुने रुग्णालय, नवी इमारत आणि देखभालीचा हिशेब

वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले एखादे जुने सरकारी रुग्णालय मोडकळीस आले की त्याच्या जागी नवे बांधून मिळावे अशी मागणी शासनदरबारी सुरू होते, आणि त्या मागणीचा बहुतेक सगळा भर इमारतीच्या वयावर असतो : इमारत साठ वर्षांची झाली, शंभर वर्षांची झाली, छताचे पोपडे गळून पडतात, भिंतींना ओल येते, म्हणून नवी हवी. मागणी रास्तच असते. परंतु ती केवळ वयाच्या आधारे मांडली गेली की शासनाचे उत्तरही तेवढ्यापुरतेच राहते. एकरकमी निधी, कोनशिला, काही वर्षांचे बांधकाम आणि त्यानंतर पुढच्या पडझडीपर्यंत शांतता. रुग्णालय वयामुळे जितके जुने होते त्याहून अधिक ते दरवर्षीच्या देखभालीला कात्री लागल्यामुळे जुने होते. म्हणूनच शासनाकडे नव्या इमारतीइतक्याच आग्रहाने तिच्या चालू खर्चाची बांधील हमी मागितली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाचा इतिहास हे प्रतिपादन तपासून पाहण्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण तेथे ‘जुन्याच्या जागी नवे’ हा प्रसंग एकदा नव्हे, दोनदा आला. मराठी वाचकाला हे उदाहरण परकेही नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते, औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आज सर्वांच्या तोंडी असलेली ‘घाटी’, त्याच वर्षी सुरू झाले, आणि तोवर वैद्यकीय शिक्षण असो वा अवघड शस्त्रक्रिया, या प्रदेशाचा ओढा स्वाभाविकपणे राजधानीकडे, मुसीकाठच्या या रुग्णालयाकडे होता.

उस्मानियाच्या आधी तेथे अफझलगंज रुग्णालय होते. पाचव्या निजामाच्या कारकिर्दीत, १८६६ साली, ते उभे राहिले, आणि १८४६ साली स्थापन झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलचे विद्यार्थी तेथे रुग्णांच्या खाटांशेजारी उभे राहून शिकू लागले. अध्यापन रुग्णालय म्हणतात ते हेच : जेथे उपचार, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच खाटेभोवती चालतात आणि त्यांपैकी एक थांबले तर बाकीची दोन्ही लंगडी पडतात. क्लोरोफॉर्मने रुग्ण दगावतो तो हृदय थांबल्यामुळे की श्वास थांबल्यामुळे, या त्या काळच्या जागतिक वादाचा निकाल लावण्यासाठी याच मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग हैदराबादेत बसले. दुसऱ्या आयोगासाठी निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन लंडनहून आले. आयोगाने दोष श्वासाच्या माथी मारला आणि पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या प्रयोगांनी तो निष्कर्ष चुकीचा ठरवला. तरीही सरकारी मदतीवर चालणाऱ्या एका रुग्णालयात जगभरच्या डॉक्टरांना पडलेल्या प्रश्नाची शहानिशा व्हावी आणि त्यासाठी राज्याच्या तिजोरीतून पैसा निघावा, ही गोष्ट आजच्या अर्थसंकल्पांशी ताडून पाहण्यासारखी आहे. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी याच परंपरेत घडल्या.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसे बुडाली आणि अफझलगंज रुग्णालयही गेले. आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचवला अशी आठवण शहर आजही सांगते. यानंतर जे घडले ते नव्या रुग्णालयासाठी शासनाची मदत मागणाऱ्या प्रत्येकाने बारकाईने पाहावे असे आहे. रुग्णालय कशामुळे बुडाले, हा प्रश्न तेथे ते कुठे आणि किती मोठे बांधावे याच्या आधी विचारला गेला. पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या सेवेत राहून खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणारे अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ साली पाचारण करण्यात आले. शहराचे रक्षण करायचे तर वरच्या अंगाला पाणी अडवले पाहिजे असा त्यांचा सल्ला होता, आणि त्यातून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्याचे, रस्ते आणि सांडपाण्याच्या वाटा आखण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि या सगळ्या पुनर्रचनेचा एक भाग म्हणून वास्तुविशारद व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्याप्रमाणे नदीच्या उत्तर तीरावर सातव्या निजामाच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. एका इमारतीच्या जागी दुसरी इमारत आली, एवढ्यापुरते हे पुनर्निर्माण नव्हते. पहिली इमारत ज्या कारणाने गेली त्या कारणाचाच बंदोबस्त त्यात होता.

घुमट, कमानी आणि उंच छतांची ही वास्तू आज वारसा म्हणून ओळखली जाते. तिच्या रचनेमागे मात्र वैद्यकीय विचारही होता. प्रतिजैविके, म्हणजे जंतूंना मारणारी औषधे, अद्याप हाती नसताना मोकळी हवा आणि उजेड हेच संसर्गावरचे मोठे उपाय होते, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली रुग्णालयांविषयीच्या आपल्या ग्रंथात समोरासमोरच्या खिडक्यांच्या, उंच, लांबट वॉर्डांचा जो आग्रह धरला तो पुढची साठ-सत्तर वर्षे जगभर पाळला गेला. आजच्या रुग्णालयाच्या गरजा वेगळ्या आहेत. खाटेपर्यंत प्राणवायूची नळी यावी लागते. शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून, ठरावीक दाबाने खेळवावी लागते आणि त्यासाठी छताखाली रुंद वाहिन्या न्याव्या लागतात. एमआरआयचे यंत्र काही टन वजनाचे असते. अतिदक्षता विभागाला क्षणभरही खंड न पडणारी वीज लागते. आग लागली तर चालू न शकणाऱ्या रुग्णांना खाटेसह बाहेर काढता येईल असे मार्ग लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या दगड-चुन्याच्या भिंतींना भोके पाडून हे सगळे बसवत गेल्यास वास्तूही बिघडते आणि उपचारही अपुरे राहतात. नव्या रुग्णालयाची खरी गरज आहे ती या कारणासाठी, आणि ती जुनी इमारत उत्तम स्थितीत असती तरीही राहिली असती. पडझडीचा मुद्दा याहून निराळा आहे, आणि या दोहोंची गल्लत करणे शासनाला सोयीचे जाते, कारण पडझड ही निसर्गाची करणी ठरली की तिचा जाब कोणाला विचारता येत नाही.

पडझड कशी होते हे समजण्यासाठी सरकारी खर्चाचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. इमारत, यंत्रे, जमीन अशा टिकाऊ गोष्टींवर होणारा तो भांडवली खर्च. पगार, औषधे, वीज, साफसफाई, दुरुस्ती असा वर्षानुवर्षे चालणारा तो महसुली खर्च. भांडवली खर्चाला प्रतिष्ठा आहे, त्यासाठी कर्ज मिळते, आणि २०२०-२१ पासून केंद्र सरकार राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्जही देत आले आहे. गच्चीवरच्या तडा गेलेल्या गिलाव्यासाठी असे कर्ज मिळत नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्याला विचारले तर तो सांगेल की रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे आणि इमारतीची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभागाची, त्यामुळे छत गळू लागले की आधी पत्र जाते, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी, मग निधीची उपलब्धता, मग निविदा. आणि मागच्या कामाची देयके थकलेली असली तर निविदेला ठेकेदारच येत नाही. एवढ्यात पावसाळा येऊन जातो, ओल लोखंडी सळ्यांपर्यंत पोचते, गंजलेली सळी फुगून काँक्रीटचे थर सुटू लागतात, आणि जे काम दोन पोती सिमेंटने भागले असते त्याला स्लॅब पाडण्याशिवाय इलाज उरत नाही. तोपर्यंत इमारत ‘धोकादायक’ ठरते, आणि तशी ठरली की ती अचानक भांडवली खर्चास पात्र होते. या व्यवस्थेत इमारत सांभाळणाऱ्याला काही मिळत नाही; ती पडू देणाऱ्याला मात्र नवी मिळते.

उस्मानियात हेच झाले. अकराशेहून अधिक खाटांच्या या रुग्णालयात गेल्या दशकात पोपडे पडण्याचे प्रकार इतके वाढले की निवासी डॉक्टरांनी निषेध म्हणून डोक्यावर हेल्मेट घालून रुग्ण तपासले. २०१५ साली तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी पाहणी करून जुनी इमारत पाडून तेथे बहुमजली संकुल उभारण्याचा मनोदय जाहीर केला. वारसाप्रेमींनी, विशेषतः ‘इंटॅक’ या संस्थेने, दुरुस्ती शक्य असल्याचे सांगून विरोध केला. पाडापाडी थांबली, पण दुरुस्तीही मार्गी लागली नाही. जुलै २०२० मध्ये, करोनाची साथ भरात असताना, मुसळधार पावसात तळमजल्याच्या वॉर्डांमध्ये सांडपाणी शिरले, खाटांवरचे रुग्ण आणि खाटांखालचे पाणी अशी दृश्ये देशाने पाहिली, आणि त्यानंतर जुनी इमारत रिकामी करून रुग्ण आवारातल्या इतर इमारतींत दाटीवाटीने हलवावे लागले. पाडावे की राखावे हा वाद नदीपलीकडच्या, बरोबर समोरच्या तीरावरील उच्च न्यायालयात पोचला आणि वर्षानुवर्षे रेंगाळला. १९०८ चे पाणी नदीचे होते. २०२० चे तुंबलेल्या गटारांचे होते. दुसऱ्या खेपेस रुग्णालय बुडवले ते नदीने नव्हे, न झालेल्या साफसफाईने, आणि हा फरक या प्रकरणाचा गाभा आहे.

राज्यातील सत्तांतरानंतर ३१ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या हस्ते जवळच्याच गोशामहल येथील पोलीस मैदानावर सुमारे सव्वीस एकरांत दोन हजार खाटांच्या नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली. जुनी वास्तू न पाडता रुग्णालय दुसरीकडे नेण्याचा हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे, कारण वारसा आणि उपचार यांची एकमेकांशी लावून दिलेली झुंज त्याने सोडवली. हैदराबादला अशा स्थलांतराचा अनुभवही आहे : सिकंदराबादचे गांधी रुग्णालय २००३ साली मुशीराबादच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर गेले. तरीही १९०९ सालचा प्रश्न गोशामहलबाबत पुन्हा विचारायला हवा. तेथील चाकणवाडी भागात डिसेंबर २०२२ मध्ये नाल्यावरचा रस्ताच खचला आणि वर उभी असलेली वाहने आत कोसळली. ज्या वस्तीतील नाल्यांची ही अवस्था आहे तेथे दोन हजार खाटांच्या रुग्णालयाचे सांडपाणी कोठून आणि कसे जाणार, हे रहिवाशांच्या विरोधाकडे केवळ अडथळा म्हणून न पाहता आधी सांगितले गेले पाहिजे.

मागणी कशी मांडावी याचा एक जुना धडा पॅरिसमध्ये आहे. तेथील ‘ओतेल-द्यू’ हे मध्ययुगीन रुग्णालय १७७२ साली आगीत मोठ्या प्रमाणात जळाले आणि ते दुसरीकडे न्यावे की तेथेच बांधावे यावर पुढची वर्षे वाद चालला. विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीत लाव्हाझिए आणि लाप्लास यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते, पण खरे खोदकाम केले ते झाक तनों या शल्यविशारदाने. १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या टिपणांमध्ये त्याने भिंतींच्या वयाची चर्चा फारशी केली नाही. एका खाटेवर किती रुग्ण झोपवले जातात (चार, प्रसंगी सहा), प्रत्येकाला किती हवा मिळते, आणि अखेरीस किती जण दगावतात हे त्याने मोजले. ‘ओतेल-द्यू’मध्ये साडेचार रुग्णांमागे एक मृत्यू होतो आणि एडिंबरोच्या रुग्णालयात पंचविसांमागे एक, ही तुलना राजाच्या दरबारातही टाळता येण्यासारखी नव्हती. राज्यक्रांतीमुळे त्या शिफारशी कागदावर राहिल्या आणि नवी इमारत प्रत्यक्षात यायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तरीही रुग्णालयाची मागणी रुग्णाच्या स्थितीवर उभी करायची असते हे तनोंने दाखवून दिले. आपल्याकडच्या प्रस्तावांत चौरस फुटांची संख्या असते, मजल्यांची असते, हेलिपॅडचीही असते. जुन्या इमारतीत शस्त्रक्रियेनंतर किती जणांना जंतुसंसर्ग झाला, किती शस्त्रक्रिया वीज किंवा पाणी नसल्यामुळे पुढे ढकलल्या गेल्या, किती रुग्ण जमिनीवर गादी टाकून ठेवावे लागले, हे आकडे मात्र क्वचितच असतात, कारण ते मोजले की चालू व्यवस्थेची जबाबदारी कोणाची हेही विचारले जाते.

श्रीमंत देशांत सर्व काही सुरळीत आहे असे नाही. कार्डिफचे वेल्स विद्यापीठ रुग्णालय १९७१ साली सुरू झाले आणि पन्नास वर्षे होताच त्याच्या जागी नवे मागण्याची वेळ आली. लंडनमधील ज्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला, त्याच्या नव्या इमारतीचे बांधकाम २०३५ पूर्वी सुरू होणार नाही असे ब्रिटिश सरकारने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. तेथील आजार आपल्याकडच्या आजाराच्या उलट होता. २०१४ नंतर काही वर्षे भांडवली निधी वळवून दैनंदिन खर्च भागवला गेला. परंतु तेथे एक चांगली प्रथा आहे. रुग्णालयांची जी दुरुस्ती वेळेवर व्हायला हवी होती आणि झाली नाही, तिचा खर्च ‘थकीत देखभाल’ म्हणून इंग्लंडमध्ये दरवर्षी मोजून प्रसिद्ध केला जातो, आणि २०२३-२४ साली तो १३.८ अब्ज पौंड होता. आकडा प्रसिद्ध झाल्याने छत दुरुस्त होत नाही हे खरे. पण तो प्रसिद्ध न झाल्यास सभागृहात प्रश्न विचारायलाही आधार राहत नाही. मुंबईचे जे. जे., पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, घाटी यांच्या थकीत देखभालीचा असा वार्षिक आकडा विधिमंडळापुढे ठेवण्यास नवा पैसा लागत नाही, केवळ इच्छाशक्ती लागते.

सरकारकडे पैसा नाही, तेव्हा खासगी भागीदारीतून नवे रुग्णालय उभारावे, असा पर्याय हमखास पुढे येतो. आफ्रिकेतील लेसोथो या छोट्या देशाने राजधानी मासेरूतील जुन्या झालेल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाच्या जागी याच पद्धतीने नवे रुग्णालय बांधले. ते २०११ साली सुरू झाले, सेवा सुधारल्याचेही दिसले, परंतु देशाच्या आरोग्य-अर्थसंकल्पाचा निम्म्याहून अधिक भाग या एकाच रुग्णालयाकडे जातो असे ‘ऑक्सफॅम’ने २०१४ साली दाखवले, जागतिक बँकेने त्या हिशेबाला आक्षेप घेतला, पण बोजा असह्य झाला हे नाकारता आले नाही आणि २०२१ मध्ये सरकारने करारच संपवला. खासगी भागीदारी भांडवली खर्चाचे रूपांतर अनेक दशकांच्या महसुली खर्चात करते. खर्च नाहीसा होत नाही. तो अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या रकान्यात जातो आणि तेथे करारामुळे त्याला हात लावता येत नाही. एका गोष्टीपुरता हा करार शिकण्यासारखा आहे : खासगी कंत्राटदाराला देखभालीचे पैसे दरवर्षी बिनचूक द्यावेच लागतात. जी हमी कंत्राटदाराला मिळते ती शासनाने स्वतःच्या रुग्णालयाला का देऊ नये, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही वित्त विभागाने आजवर दिलेले नाही.

इमारतीपाठोपाठ माणसांचा प्रश्न येतो आणि त्याबाबत महाराष्ट्राचा अनुभव पुरेसा बोलका आहे. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, अकोला आणि यवतमाळ येथे अतिविशेषोपचार रुग्णालये मंजूर झाली, प्रत्येकी दीडशे कोटींपैकी १२० कोटी केंद्राचे आणि ३० कोटी राज्याचे. अकोल्यासारख्या ठिकाणी इमारत पूर्ण झाली, यंत्रे आली, आणि मग पदमंजुरीची वाट पाहत काळ गेला, कारण इमारतीचा निर्णय एका बैठकीत आणि पदांचा दुसऱ्याच विभागाच्या दुसऱ्याच फाइलवर झाला होता. नांदेडचे शासकीय रुग्णालय शहरातून विष्णुपुरीच्या प्रशस्त आवारात गेले, तरी ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी तेथे चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती, आणि औषधे, मनुष्यबळ आणि दूरदूरच्या गावांतून अखेरच्या अवस्थेत पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांचा ताण हे विषय त्या वेळी साऱ्या राज्यात चर्चिले गेले. ती इमारत जुनी नव्हती.

नांदेडला हिंगोली-परभणीप्रमाणेच सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात आणि नांदेडला जे होत नाही त्यासाठी तेथले लोक रात्रीची गाडी धरून हैदराबादला जातात. गोशामहलच्या दोन हजार खाटा पुरतील की नाही हे म्हणूनच हैदराबादेत ठरणार नाही. ते आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद आणि नांदेड येथील रुग्णालयांच्या स्थितीवर ठरेल. २५० विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांनुसार किमान नऊशे खाटा लागतात, म्हणजे शिक्षणाच्या गरजेपेक्षा दुप्पट खाटा तेथे होणार आहेत, आणि तरीही जिल्ह्यांत प्रसूतीची, अपघाताची, डायलिसिसची सोय झाली नाही तर त्या पहिल्या वर्षातच भरतील. अध्यापन रुग्णालय हे विहिरीच्या तळाप्रमाणे असते. वरचे झरे आटले की सगळा उपसा त्याच्यावरच येतो.

रुग्णालये हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे, तेव्हा मागणी मुख्यतः राज्याच्या मंत्रिमंडळाकडेच करावी लागेल, आणि ती करताना प्रस्तावाची रचनाच बदलावी लागेल. बांधकामाला प्रशासकीय मान्यता देणाऱ्या निर्णयातच डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांची पदे, ती भरण्याच्या तारखेसह, मंजूर झाली पाहिजेत. इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याचा ठरावीक हिस्सा दरवर्षी देखभालीसाठी राखून तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी तरतूद कायद्याने झाली पाहिजे, आणि किरकोळ दुरुस्तीचे अधिकार व अभियंता हे दोन्ही अधिष्ठात्याच्या हाताखाली आले पाहिजेत. नवी इमारत पूर्ण होईपर्यंतच्या वर्षांत जुन्या आवारातील रुग्णांचे काय, याची तजवीज वेगळ्या निधीसह त्याच निर्णयात असली पाहिजे, कारण ‘आता नवे होणारच आहे’ या सबबीखाली जुन्यावरचा खर्च पूर्ण थांबतो आणि सर्वाधिक हाल याच मधल्या काळातील रुग्णांचे होतात. उस्मानियाच्या रिकाम्या जुन्या वास्तूलाही हीच कसोटी लावावी लागेल : तिचे वैद्यकीय इतिहासाचे संग्रहालय करा, महाविद्यालयाचे ग्रंथालय करा किंवा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा करा, पण त्या उपयोगाबरोबर तिच्या गच्चीच्या आणि गटारांच्या देखभालीची रक्कम अर्थसंकल्पात कोणत्या लेखाशीर्षाखाली येणार, हे त्याच आदेशात लिहिलेले असले पाहिजे.